चराचं तोंड

बेंबळी, ६ नोव्हेंबर १९८०
पाऊस थांबून महिना होत आला, अंगण अजून ओलंच. मागच्या भिंतीला गुडघाभर ओल चढलीय. ज्वारीचं पोतं खालून बुरसलं, आज उन्हात घातलं. ड्यूटीला दवाखान्यात जाताना चप्पल चिखलात रुतली. वरच्या अंगाला आप्पा पाटलांचं घर. न्हाणीचं पाणी ते मुद्दाम आमच्याकडं सोडतात, मला खात्री आहे. बौद्धवाडा सोडून इथं घर बांधलं तेव्हापासून त्यांना... असो.

८ नोव्हें.
यांना सांगितलं. म्हणाले, "पुरावा काय?" हे दिवसभर रस्त्याच्या कामावर. चिखल मी तुडवते.
दुपारी आप्पांच्या घरच्या, काकू, शेतात गेल्या होत्या. त्यांच्या मोरीत नीळ ओतून आले. अख्खी पुडी. धुणं पिवळं राहिलं तरी चालेल.

११ नोव्हें.
आमच्या अंगणात निळा थेंब नाही. सगळी नीळ काकूंच्याच केळीच्या आळ्यात. "आळ्याला काय झालं गं?" विचारत होत्या. मी म्हटलं, मला काय माहीत. तरी मन मानत नाही.

१६ नोव्हें., सुट्टी
यांनी अंगणात कुदळ घातली. मांडीएवढं खणल्यावर काळी माती संपली, मुरूम लागला, आणि मुरमातून पाणी वर आलं. थंड, नितळ. म्हणाले, "हा वरच्या तलावाचा पाझर. आप्पांचा काय संबंध न्हाय." दुष्काळी कामावर तो तलाव झाला, तेव्हा सासूबाईंनी तिथं दगड वाहिलेत. त्या हसल्या. "म्या दगडं वाहिली, आन् पानी माझ्याच मागं आलं."
ठरलं असं: भिंतीपासून जरा लांब, उताराला चर खणायचा. तळाला मोठे दगड, वर खडी, वर माती. पाणी दगडांच्या फटीतून आतल्या आत निघून जाईल. नळदुर्गच्या रस्त्याकडेला यांनी असे चर भरलेत. तोंड ओढ्याकडं काढायचं.

२० नोव्हें.
आप्पा चर बघायला आले. आमच्या अंगणात पहिल्यांदाच. खुर्ची दिली, बसले नाहीत. "पानी उन्हाळ्यात बी राहील का मिस्त्री?" हे म्हणाले, राहील वाटतं. जाताना, "दगडाची काळजी करू नका. माझ्या बांधावर पडलेत, गाडी धाडतो."
एवढं गोड कशासाठी?

२३ नोव्हें.
दगड आले. चांगले आहेत, तेच खटकतं. संध्याकाळी आप्पा हजर. "ओढ्यात पानी वाया कशाला घालवता? माझ्या विहिरीकडं वळवा. जवळच हाय." हे म्हणाले, बघतो.
म्हणजे हे होतं तर. आमच्या खालच्या अंगाला त्यांची विहीर, शिवरात्रीच्या आधीच तळ दिसतो. याच विहिरीवर सासूबाईंना पोहरा टाकू देत नव्हते. लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून घागरीत ओतायचं.

२४ नोव्हें.
यांच्याशी वाजलं.
"दगड घेतलेत. आता नाही कसं म्हणायचं?"
"म्हणूनच दिलेत त्यांनी."
"जुनं किती दिवस उगाळायचं? त्यांची पोरं माझ्यासोबत चहा पितात."
"हॉटेलात पितात. घरात नाही."
जेवले नाहीत. मीही.

२८ नोव्हें.
चर भरून झाला, फक्त शेवटचा तुकडा राहिला. डावीकडं वळवला की ओढा, उजवीकडं वळवला की विहीर. भिंतीजवळची माती आत्ताच वाळून पांढरी पडायला लागली. काकू आज विनाकारण तीळ देऊन गेल्या. डबा अजून उघडला नाही.

३० नोव्हें.
सकाळी आप्पा आले. हे कुदळ घेऊन उभेच होते. सासूबाई उंबऱ्यात डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आप्पा, आमचं पानी तुमच्या विहिरीत पडल्यावर आमी कुठं भरायचं?"
"या की विहिरीवर. कोन नको म्हनतंय?"
"पोहरा आमीच टाकायचा?"
आप्पा दगडांकडं बघत राहिले. मग, "घरात इचारून सांगतो." गेले.
यांनी माझ्याकडं पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "आज राहू दे."
चराच्या तोंडाशी पाणी साठतंय. वरच्या घरात आप्पा आणि काकू बोलताहेत. आवाज येतो, शब्द कळत नाहीत.