मडक्यावरची पोळी

सेवाग्राम,
५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वर्षाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन आई नेहमी स्पीकरवर ऐकते, म्हणून हे पत्र. तिला वाचून दाखवू नकोस.

माझ्या सुरभीच्या हळदीला मडक्यावरच्या लांब पोळ्या तू करणार, असे आईने जाहीर केल्याचे तुझ्या रजतने सांगितले. मुलगी माझी, आई माझी आणि पोळ्या भावजयीच्या हातच्या! मला तुझा मत्सर वाटतो. नणंदेने तो लपवून ठेवावा, अशी रीत आहे. मी पाळत नाही.

लहानपणी मी आईसमोर बसून तिचे हात पाहत राहिले, पण कला उतरली नाही. आता मात्र पद्धतशीर शिकते आहे. हालचालींचे शास्त्र मी फिजिओथेरपीच्या मुलांना शिकवतेच. नवशिक्याला आधी डोळ्यांचा आधार लागतो: हात कुठे आहे, वस्तू किती दूर आहे, हे तेच सांगतात. सराव वाढला की सांध्यांतली आणि स्नायूंतली जाण ते काम उचलते, मग डोळे मोकळे होतात. सायकल शिकणारा हँडलकडे पाहतो, शिकलेला रस्त्याकडे. किती सुंदर व्यवस्था आहे ही!

म्हणून ओट्यासमोर मोठा आरसा लावला आहे. सैल कणीक या हातावरून त्या हातावर घेत कोपरापर्यंत ताणते, आरशात कड तपासते आणि गॅसवरच्या पालथ्या मडक्यावर टाकते. पोळी अखंड उतरते. रविवारी येऊन आईला करून दाखवीन. मग हळदीचे पाहू.

लोभ आहेच; त्यातला आईचा वाटा तेवढा बेताने घ्यावास.

तुझी,
अस्मिता

रोहणा,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अस्मिताताई यांस,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही न जेवता गेलात, म्हणून आईही नीट जेवल्या नाहीत. पोळी कोपरावरच फाटली, त्यात एवढे काय? अंगणातली चूल, डोळ्यांत धूर, समोर आरसा नाही. तुमची नजर सारखी हातांना शोधत होती आणि मडके बाजूलाच राहिले. आरसा हवा होता, असे तुम्ही पुटपुटलात, ते ऐकून आई हसून म्हणाल्या की पोरगी डोळ्यानं पोळी करून राह्यली. ते तुम्हाला लागले, हे मला दिसले.

ताई, शास्त्र तुमचेच, मी फक्त विचारते. सगळा सराव आरशासमोर केला, तर सांध्यांतली जाण जागी होणार कशी? डोळे तिला काम देतील तेव्हा ना?

मी शिकले तेव्हा काचबिंदूने आईंची नजर उतरली होती. माझे हात त्यांना दिसत नव्हते, म्हणून मागे उभ्या राहून त्यांनी माझी मनगटे धरली. मला म्हणाल्या, हाताकडे पाहू नको, मडक्याकडे पाह्यजो. तुम्हाला त्यांनी दाखवून शिकवले, मला धरून. फरक एवढाच.

मत्सराचे म्हणाल, तर तो मलाही आहे. फाटकाची कडी वाजली की आई अस्मी आली म्हणून उठतात. मी रोज शाळेतून येते, तेव्हा कोण आहे म्हणून विचारतात.

आजपासून माझ्या मनगटाला पट्टी आहे. लचकले, असे घरात सांगितले आहे. हळदीला दुसरे हात तयार करावे लागतील, तेव्हा शनिवारी या. आरसा आणू नका.

लोभ कणकेसारखा ताणला तरी फाटू नये, ही विनंती.

आपली,
वर्षाली

सेवाग्राम,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वर्षाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी तू मुद्दाम शाळेत थांबलीस, हे कळले. त्याबद्दल आधी आभार मानते.

तुझा प्रश्न बरोबर होता. डोळ्यांचा आधार वेळेवर काढून घेतला नाही, तर शिकणे डोळ्यांनाच बांधले जाते, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. आणि घरी आरसा लावून बसले.

आई मागे उभी राहिली. तिची बोटे माझ्या मनगटांवर आली आणि मी मडक्याच्या काळ्या पाठीकडे पाहत राहिले. कणीक कधी जड होते, कधी पातळ होऊन थरथरते, हे हातांनाच कळू लागले. पहिली फाटली, दुसरीही. मग एक उतरली. वाकडी, पण अखंड. तरी आईने मनगटे सोडली नाहीत. मीही सोडवली नाहीत.

जेवताना मी तुझ्या लचकलेल्या हाताची चौकशी केली. आई म्हणाली की तिच्या मनगटाले काहीच झालं नाई, मीनं तेल लावून चोळून पाह्यलं. पण तिले सांगू नको, हळद होईपर्यंत पट्टी राहू दे.

म्हणजे तिला सारे ठाऊक आहे. तेव्हा पट्टी सोडू नकोस. मी पुन्हा शनिवारी येते. पण आईने तुझे मनगट तेल लावून चोळले, हे ऐकल्यापासून मला घास गोड लागलेला नाही.

लोभ असावा; आणि तेलाची वाटी माझ्यासाठीही भरून ठेवावी.

तुझी,
अस्मिता