पिवळ्या तापाची पूर्वतयारी

३ मार्च
परदेशातल्या जंगल सफारीचं बुकिंग झालं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बायकोला मी दिलेली भेट. पैसे तिचे, कल्पना तिची. होकार मात्र माझा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर विमानात बसू देत नाहीत. निघायचं एकतीसला. आरोग्यखातं मी स्वतःकडे घेतलं. लस उद्याच, बुधवारी; सेंटर बुधवारीच उघडतं.

४ मार्च
आज बुधवार होता. आधी रिसर्च. सुशिक्षित माणसानं अज्ञानात दंड पुढे करू नये.

८ मार्च
जेवताना हा ताप पसरवणाऱ्या डासांवर सविस्तर बोललो. मुलगी म्हणाली, बाबा, सोंड तर डासालाही असते, मग सुईनंच काय घोडं मारलंय? जास्त शिकवलं की मुलं अशी तोंडाला लागतात.

११ मार्च
सहकुटुंब सेंटरवर. कप्तान शेवटी, या न्यायानं आधी बायको, मग मुलगी. मेहुणी सोबत आली होती, तिनंही टोचून घेतली. तू कुठे निघालीस, विचारलं. असू दे, अडीअडचणीला, म्हणाली. काहींना नसती हौस.
माझ्या वेळी खोलीत हवा कमी पडली. खुर्चीवरून जरा खाली आलो. नर्सबाईंनी तोंडावर पाणी मारलं. डॉक्टर म्हणाले, अहो, अजून टोचलंच नाही.
कारण उघड आहे. उपाशीपोटी गेलो होतो.

१४ मार्च
शेजारचे कंपाउंडर म्हणाले, मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त. मुंगी चावलेली मला कुठे चालते?
घरी सराव. शिवणाच्या डब्यातली सुई समोर ठेवून बघत बसलो. मग तिच्यात दोरा ओवला. दोरा असला की गरीब वाटते.

१८ मार्च
आज शेवटची संधी. भरपेट नाश्ता. रांगेत मागचा माणूस घाईत दिसला, त्याला पुढे सोडलं. मग एका म्हाताऱ्याला. मग कडेवर पोर असलेल्या बाईंना, मग त्यांच्या नवऱ्याला. माणुसकी अजून शिल्लक आहे ती आमच्यासारख्यांमुळे. माझा नंबर आला आणि स्टॉक संपला. नियोजनाचा हा असा बोजवारा.

१९ मार्च
बायको भडकेल म्हणून उत्तरं पाठ करून ठेवली होती. ती नुसतं 'बरं' म्हणाली आणि बहिणीला फोन लावला: बॅग भर गं. टूरवाल्यांना नाव बदलता येईल का, हे तिनं डासांच्या व्याख्यानानंतर लगेचच विचारून ठेवलं होतं. माझ्या रिसर्चची ही किंमत.

३१ मार्च
तिघींना विमानतळावर सोडलं. आत जाताना बायको म्हणाली, भीती वाटते एवढं सांगितलं असतंत तर हात धरून बसले असते की. मला तुमच्याबरोबर जायचं होतं.
भीती? हिच्या डोक्यात कोण भरवतं हे?

८ एप्रिल
बुधवार. ही लस म्हणे जन्मभर पुरते, तेव्हा आताच घेऊन टाकू. सेंटर रिकामं, स्टॉक भरपूर, मागे चिटपाखरू नाही. बाही वर केली. डॉक्टरांनी चेहरा पाहिला आणि सुई परत ठेवली. सोबत कोणी असल्याशिवाय तुम्हाला टोचणार नाही म्हणाले. मिसेसना घेऊन या.
ती सोळाला येते.