लाकडी दांडी, पोलादी दांडी

११ नोव्हेंबर १९५६, वर्धा
कापसाच्या जिनिंगच्या साहेबाचा बंगला रिकामा झाला. सामानाचा लिलाव. ह्यांना एक चामडी पिशवी आवडली, घेऊन आले. आत गोल्फच्या काठ्या नि चेंडू. सासूबाई म्हणाल्या, "इतक्या काठ्या काऊन आणल्या? घरात साप निघून राह्यले काय?"
संध्याकाळी मागच्या पडीक शेतात एक चेंडू मारून पाहिला. शाळेत मुलींची कवायत मीच घेते, हात सवयीचे. पण हा असा वर गेला की उतरायचं विसरलाच. बाळ गेल्यापासून आज पहिल्यांदा भूक लागली.

१८ नोव्हें.
शाळा सुटली की शेत. या काठ्यांची लाकडी दांडी लवते. हात खाली आले तरी टोक मागेच रेंगाळतं. घाई केली की चेंडू उजवीकडे पळतो. तिची वाट पाहिली तर नुसता टक् आवाज, हाताला कळतसुद्धा नाही.
एकच काठी पोलादी दांडीची. ती थांबत नाही. चेंडू दूर जातो, पण मनगटं झिणझिणतात.

२५ नोव्हें.
मुख्याध्यापिकाबाईंचे भाऊ फौजेतून निवृत्त, नागपूरला गोल्फ खेळतात. आज बांधावरून बराच वेळ पाहत होते. "कोणी शिकवलं?" कोणी नाही, म्हटलं. लहानपणी विटीदांडू खेळायची. म्हणाले, "पुढच्या रविवारी नागपूरला बायकांचा सामना आहे, या. पण लाकडाचे दिवस गेले. पोलादीवर हात बसवा."
ह्यांना सांगितलं. जेवून हात धुतले. मग, "चेंडू मारायला नागपूरला? लोक काय म्हणतील?"
सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिले. वर्षभर शाळेतून आली का भिंतीकडे पाहून बसत होती, तवा लोक आलते काय?"

२९ नोव्हें.
पोलादीला खांदे आधी वळवावे लागतात, पदर घट्ट खोचून. आज जमलं. कंबर, हात, काठी, सगळं एकाच लयीत.
तरी लाकडीची आठवण येते. काठी वर गेली की खाली येण्याआधी जरासा वेळ असायचा. त्यात काहीच नसायचं. बाळसुद्धा...

१ डिसें., शनिवार
उद्या सकाळच्या गाडीनं नागपूर. सोबत येतो असं हे म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.
संध्याकाळी मात्र शेतावर आले. लांब जाऊन उभे राहिले, चेंडू कुठं पडतो ते पाहायला. पोलादीनं मारला. ह्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या कपाशीत. बोंडं फुटलेली, सगळं शेत पांढरं.
"कुठं पडला?" त्यांनी तिकडून विचारलं.
मलाही दिसला नव्हता. दोघं ओळीओळीनं वाकून शोधत राहिलो. हाताला लागे तो कापूस. उजेड विरत गेला. मग हे कंबर धरून सरळ झाले, केसांत कापूस अडकलेला.
"आणखी एक मारतेस?" म्हणाले. "या खेपेला नीट पाहतो."