सहा वाजून दहा मिनिटांची सूचना

सर, तुमी ती सूचना दिलीच नाई, अन् वहीत मात्र दिली म्हणून लिहून ठेवलं. मले तं असंच वाटते. मेलेल्या माणसाले असं बोलू नये म्हणतात. म्हणू द्या. कॉलेजच्या रेडिओचा इतिहास छापून राह्यले. नवी मॅडम परवा तुमची जुनी वही घेऊन घरी आली, काऊन का तुमच्या रेडिओच्या खोलीत इतके वर्षं झाडू मीच मारला. मी चौथी शिकली, पण तुमचं अक्षर ओळखतो. 'सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. मोह वेचणाऱ्यांना सूचना : नाल्याकडे वाघ आहे, एकट्याने जाऊ नये.' मॅडम म्हणे, "मावशी, ही तर पहिल्या पानावर घेते." मी म्हटलं, घे. पण त्या सूचनेच्या दुसऱ्याच पहाटे माही मोठी जाऊ त्याच नाल्यावर वाघाच्या तोंडी मेली, ते कोणत्या पानावर घेशील?

त्या दिवशी सकाळी मीच तुमाले सांगतलं होतं, नाल्याच्या रेतीत पंजे आहेत, रेडिओवर सांगून टाका. तुमी चष्मा पुसता. म्हणता, "बाई, आपल्याले बातमी देता येत नाही, परवाना जाईल. वनखात्याचा कागद येऊ दे." मी म्हणतो, वाघ कागद वाचून येते का? तुमी हसता. ते हसणं मी विसरली नाई. मोहाचं फूल पहाटे पडते, जनावरानं खायच्या आधी पोहोचा लागते. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं, जाऊचं नाल्यापाशी. वाकून वेचणारी बाई वाघाले बाई दिसत नाई, जनावर दिसते. तुमी तिच्या मातीले आले, बाजूले उभे राह्यले, कोणाशी बोलले नाई. चूक केलेला माणूस असाच उभा राह्यते, मी तवाच ठरवलं. वहीतली ती ओळ बी दोन ओळींच्या मधात कोंबलेली आहे. काऊन? मागून लिहिली असंन.

काल शेजारणीले विचारलं, तुवं ऐकलं होतं का? ते म्हणे, "कुठी ऐकू? टोल्यावर साऱ्या घरांत रेडिओ एकच, सरानं तुले देलेला. तू लावशील तं आमी ऐकू." मी इतके वर्षं सगळ्याइले सांगत आली, मी रेडिओपाशीच बसली होती, सूचना आली नाई. मॅडमलेही तेच सांगतलं. खरं हे आहे सर, तुमी नाई म्हणाले त्याचा राग धरून मी त्या सांजेले रेडिओ लावलाच नाई. जाऊ म्हणे, "लाव ना वं, गाणे तरी ऐकू." मी म्हटलं, काही नाई ऐकाचं त्या सराचं.

हा कागद कुठी टाकाचा मले ठाव नाई, पिठाच्या डब्याखाली ठेवतो. सोमवारी मॅडम पानं छापाले नेते. तुमी त्या सांजेले सांगतलं होतं का नाई, हे मले सोमवारच्या आत सांगा.