सासऱ्यांची ईस्टरची जागा

११ एप्रिल, गुरुवार
ट्रेलर ओढत नेऊन लाल कड्याखाली लावून आलो. ईस्टरला दहा दिवस आहेत, पण उशिरा जाणाऱ्यांना जागा मिळत नाही. सासरे, ऑरिन, जन्मभर तिथेच ईस्टर करायचे. तिथल्याच वाळूच्या उतारावर सगळ्यांनी उकडून रंगवलेली अंडी गडगडवायची. गेल्या शरदात ते गेले. सासूबाईंचं एकच मागणं आहे, यंदा तिथे बसून एक अंडं सोडायचं. मेहुणा थेन म्हणतो, सपाटीवर जाऊ, तिथे संडास आहे. यालाही वारस म्हणायचं!
संकल्प: थेनशी वाद नाही. दिवसाला एकच डाएट कोक.

१३ एप्रिल, शनिवार
पाहायला गेलो. ट्रेलरला खेटून कोलोरॅडोच्या नंबरप्लेटची व्हॅन! नवरा, बायको आणि स्वेटर घातलेलं कुत्रं. म्हटलं, ही जागा घेतलेली आहे. तो म्हणाला, काका, ही पब्लिक जमीन आहे ना? म्हटलं, अर्थात. पब्लिक म्हणजे आम्ही.
कोक तीन. चिडल्यावर धरायचे नाहीत.

१५ एप्रिल, सोमवार
सरकारने या वाळवंटात नाक खुपसू नये, हे माझं ठाम मत. तरी रेंजरला फोन केला. तत्त्व वेगळं, फोन वेगळा. रेंजरबाई आल्या, व्हॅनवाल्यांच्या कुत्र्याला कुरवाळलं आणि मला म्हणाल्या, सर, रिकामा ट्रेलर जागा धरत नाही, त्यात माणूस राहायला हवा. वर गोड हसल्या. मुद्दाम.

१६ एप्रिल, मंगळवार
रजा टाकून राहायला आलो. बायको, लरे, म्हणाली, अरे व्हर्ल, जागेपायी नोकरी घालवशील. बायकांना दूरदृष्टी नसते. दिवसभर जनरेटर चालू ठेवला. कोलोरॅडोवाल्यांना शांतता हवी होती म्हणे. संध्याकाळी गेले. संयमाचा विजय.

१७ एप्रिल, बुधवार
सारख्या गाड्या डोकावतात. शेवटी वाटेच्या तोंडाशी मोठाले दगड आडवे लावले. फळी तपकिरी रंगवून वर पिवळ्या अक्षरांत लिहिलं, ‘रस्ता बंद’. हुबेहूब सरकारी. दोन जीप आल्या, वाचलं, सरकारला शिव्या घातल्या आणि परत फिरल्या. मीही मनातल्या मनात घातल्या. आपली माणसं शुक्रवारी येतील, तेव्हा काढू.
कंबर गेली.

१९ एप्रिल, शुक्रवार
दगड काढले नाहीत. आधी काढले तर कोणीही घुसेल. आपली माणसं हॉर्न देतीलच. बिडाच्या भांड्यात सगळ्यांपुरते बटाटे आणि बेकन केलं. जेवणानंतर जरा डोळा लागला. कोणी आलं नाही. थेनचा ट्रक बंद पडला असणार. ऑइल कधी बदलतो तो?

२० एप्रिल, शनिवार
कोणी नाही. इथे फोन लागत नाही. शोधायला जावं, तर ट्रेलर रिकामा होतो आणि जागा जाते. बटाटे पुन्हा. कोक संपले, म्हणजे तो संकल्प पार पडला.

२१ एप्रिल, ईस्टर
सकाळी कड्यावर चढून दुर्बीण लावली. सपाटीवर, संडासाशेजारी, अख्खं घर!
धावतपळत गेलो. लरे रडायलाच लागली. म्हणाली, कुठे होतास रे? रस्ता बंद दिसला, वाटलं तुलाही हाकललं. थेन तुला शोधत घरापर्यंत जाऊन आला. थेन म्हणाला, दगड बाजूला करणार होतो मी, पण आईने हात धरला. ऑरिनने उभ्या जन्मात नियम मोडला नाही, त्याच्या जागेवर चोरासारखं जायचं नाही, म्हणाली.
सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर एक निळं अंडं. बाकीच्यांनी आपापली कधीच गडगडवली होती. त्यांनी विचारलं, व्हर्ल, इतकी निर्दय माणसं असतात तरी कोण रे? सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, सरकार, आई. दुसरं कोण? मग असा तावातावाने बोललो की थेनने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.
सासूबाई म्हणाल्या, उपाशी असशील. निळं अंडं खुर्चीच्या दांडीवर आपटलं, सोललं आणि माझ्या हातात दिलं.
मीठ नव्हतं. खाल्लं.