येणार आहे

ती. बाईंना सादर नमस्कार.

पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, पण तुम्हाला ते चालायचं. तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. रोज देवापुढे बसते, पण मन थाऱ्यावर नाही.

काल शाळेने मला तुमचं कपाट आवरायला बोलावलं. तुम्ही शाळा काढलीत तेव्हापासून न आलेल्या मुलीपुढे 'गैरहजर' लिहायचं नाही, 'येणार आहे' लिहायचं, अशी तुमची पद्धत. शिक्षिकांच्या हजेरीपटात तळाला माझं माहेरचं नाव निघालं. मॅट्रिक झाल्यावर मीच म्हटलं होतं, "लग्न होऊ दे बाई, मग लहान वर्ग मी घेते." त्यानंतर एकवीस वर्षं, दर महिन्याला, तुमच्या अक्षरात, पेन्सिलीने: येणार आहे.

कारकून बाई हसून म्हणाल्या, "ह्या कोण हो? ना कामाला, ना पगाराला." मी म्हटलं, "असेल कुणीतरी."

वाटेत भेटलात की मी म्हणायची, "घरचे सोडत नाहीत हो." तुम्ही म्हणायचात, "बरं, सवडीने ये."

काल घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं आणि रडू आवरेना. हे गोंधळून म्हणाले, "अगं, पण मला तू विचारलंस कधी?"

विचारलं नव्हतं, बाई. फळ्यापुढे उभं राहायची मलाच भीती वाटायची. म्हणून ह्यांचं नाव पुढे केलं. त्यांनी कधीच अडवलं नसतं.

तुमची विद्यार्थिनी