इस्पासच्या हातोड्यांची वाटणी

मी, साफ्ता कल्दरारू, इस्पास कल्दरारू यांची विधवा, वय एकसष्ट, राहणार तांबटांची गल्ली, द्रुमेश्ती, ट्रान्सिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, पोटात एक कप कॉफी आहे आणि दारात उभे राहून माझ्यावर कोणी डोळे वटारत नाही. अक्षर वाकडे आहे. ते भीतीमुळे नाही, नेहमीच तसे असते.

शहरातल्या नोटरीबाईंनी सांगितले की स्वतः लिही, तारीख घाल, सही कर, साक्षीदार लागत नाहीत. ते कायद्यापुरते झाले. आमच्या गल्लीत साक्षीदाराशिवाय कोंबडीसुद्धा विकली जात नाही. म्हणून शेवटी साक्षीदार घेतले आहेत.

आत्ताच लिहिण्याचे कारण असे की डॉक्टर म्हणतात, माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. झाकण नीट बसले नाही की भांड्याचे काय होते हे मला कोणी सांगायला नको.

मी शाळेत गेलेली नाही. वाचायला मी रस्त्यावरच्या पाट्यांवरून शिकले. इस्पास आणि मी भांडी विकायला गावोगाव हिंडायचो. येणाऱ्या गावाचे नाव मला आधीच ठाऊक असायचे, मग पाटीवरची अक्षरे त्या नावाशी लावून बघायची. गाव संपले की तेच नाव पुन्हा, पण आडव्या रेघेने खोडलेले. कितीतरी वर्षे मला वाटायचे की त्या गावाशी कुणाचे तरी भांडण झाले आहे.

कलम एक. घर, अंगण, आलुबुखाराची सहा झाडे आणि पाठीमागचा कोंबड्यांचा खुराडा माझा मुलगा त्रांदाफिर याला. मुलाचा वाटा कायद्यानेही चुकत नाही आणि मलाही चुकवायचा नाही. तो जुन्या गाड्या घेतो-विकतो, मनाने चांगला आहे, हात लोण्यासारखे आहेत. घराला माझी एक अट आहे. दर रविवारी त्याने स्वतः कॉफी करून बायकोला द्यावी आणि तेव्हा गल्लीकडचे दार उघडे ठेवावे. दार लावून केलेली कॉफी धरली जाणार नाही.

कलम दोन. माझ्या वेणीतली नऊ सोन्याची नाणी नात मिंद्रा हिला. ती बारा वर्षांची आहे आणि तिला मागणी घालायला दोन घरे येऊन गेली. दोघांनीही आधी नाण्यांकडे पाहिले, मग पोरीकडे. नाणी तिला आठवी पास झाल्याचा कागद दाखवल्यावर मिळतील, त्याआधी कोणत्याही साखरपुड्यात ती दिसू नयेत. माझे स्वतःचे लग्न सतराव्या वर्षी झाले. तेव्हा सासरी जमलेल्या बायका म्हणाल्या, "पोरगी जरा थोराड आहे."

कलम तीन. सरकारी प्रकल्पवाले गल्लीतल्या बायकांना 'स्वतःच्या पायावर उभे' करायला आले होते, तेव्हाचे माझे प्रमाणपत्र. त्यांनी आम्हांला चार दिवसांत एप्रन शिवायला शिकवले. शिकवणारी मुलगी गोड होती. तिने मला विचारले, "आजी, याआधी हाताने कधी काही केलंय का?" मी म्हटले, "नाही गं." तिला दुसरे काय सांगणार होते ते कलम पाचमध्ये येईल. प्रमाणपत्र खुराड्यात लावावे. तिथे वारा येतो.

कलम चार. नाक्यावरच्या दुकानातली बाई आम्हां भटक्या तांबटांच्या हातातून पैसे घेत नाही, काउंटरवरच्या ताटलीत टाक म्हणते. तिला मी माफ करते. एवढ्यासाठी, की वर्षानुवर्षे त्या ताटलीचा राग घेऊन मी घरी यायचे आणि सुनेवर ओरडायचे, "पुरुषांच्या कपड्यांची बादली वेगळी, तुझा घाघरा त्यांच्या शर्टांबरोबर भिजवू नकोस." दुकानातली ताटली आणि घरातली बादली या सख्ख्या बहिणी आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. सुनेने मला माफ करावे असे मी मृत्युपत्रात मागू शकत नाही, तरी मागते.

कलम पाच. हत्यारे. हे कलम लांब आहे, कारण भांडण इथेच आहे.

ऐरण एक मोठी, एक शिंगासारख्या टोकाची. हातोड्या अकरा. लाकडी मोगरी दोन. पत्रा कापायच्या कात्र्या, सांडशा, भाता आणि सांधे जोडायला डाग द्यायचे सगळे सामान. हे सर्व माझी सून झांबिला हिला, तिच्या एकटीच्या मालकीचे म्हणून देत आहे. तिचा नवरा, चुलत दीर किंवा पंचायत यांचा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही.

इस्पास गेल्याला तीन वर्षे झाली त्या जेवणात माझे धाकटे दीर नोनिका, जे आमच्या पंचायतीचे प्रमुखही आहेत, सगळ्यांसमोर उठून म्हणाले, "वहिनींच्या माघारी हत्यारं माझ्या मुलांकडे येतील. त्रांदाफिर तांब्याला हात लावत नाही, आणि घरात दुसरं आहे कोण?" झांबिला तेव्हा त्यांच्याच ताटात वाढत होती.

आमचा नियम सगळ्यांना माहीत आहे. बाईच्या घाघऱ्याचा काठ ज्या हत्याराला लागला ते अशुद्ध, त्या हत्याराने केलेले भांडे अशुद्ध आणि त्या भांड्यातले जो खाईल-पिईल तो पंचायतीच्या बाहेर. त्या पंचायतीत बाईला बोलता येत नाही. कागदाला बोलता येते की नाही याबद्दल मात्र नियम नाही, कारण आजवर आमच्यात कोणी लिहीत नव्हते.

या कलमाचा पुढचा भाग पंचायतीत वाचू नये. पण झांबिलाच्या संदर्भात कोणीही 'अशुद्ध' हा शब्द तोंडातून काढला, तर मिंद्राने तो उभे राहून, सावकाश वाचावा.

सन दोन हजार एकपासून इस्पासचे हात थरथरू लागले. आधी कॉफीचा कप, मग हातोडी. दारू गाळायचा हंडा मठारायचा तर प्रत्येक घाव आधीच्या घावाशेजारी पडावा लागतो, आणि त्यांचे घाव भलतीकडे पडू लागले. रात्री झोपेतही त्यांचे हात थरथरत, मी ते धरून ठेवायची. एक दिवस त्यांनी कारखान्याचे दार आतून लावले, स्वतःची पँट काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "घाघरा खुंटीला टांग आणि ही घाल. बघू, सव्वीस वर्षं नुसतंच बघत बसलीस की शिकलीसही."

शिकले होते. पहिला हंडा जरा डावीकडे कलला. गिऱ्हाईक म्हणाले, "यात काहीतरी कला आहे."

तेव्हापासून मी ठोकायची आणि इस्पास शेजारी बसून प्रत्येक घावाला एक शिवी द्यायचे, म्हणजे गल्लीला आवाज आणि घाव एकत्र ऐकू जावेत. चौदा वर्षांत त्यांनी एकही शिवी चुकीच्या वेळी दिली नाही. गल्लीत बोलबाला झाला की उस्तादाचा हात म्हातारपणी सुधारला. हे म्हणणाऱ्यांत नोनिका सगळ्यात पुढे होते.

झांबिला सून म्हणून आली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी कडी लावायला विसरले. ती कॉफी घेऊन आत आली आणि सासूला पँटमध्ये ऐरणीपाशी बघून थांबली. मला वाटले, आता ही पळत माहेरी जाणार. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, सांध्याची पट्टी उलटी बसतेय." तिचे वडीलही तांबट. ती त्यांच्या बाकाखाली बसून मोठी झाली होती आणि तिला कोणी विचारले नव्हते. पट्टी खरोखर उलटी होती. त्या दिवसापासून डाग तीच देते, आणि माझ्यापेक्षा चांगला देते.

इस्पास दोन हजार पंधरामध्ये गेले. त्यांनी आधीच करून ठेवलेले हंडे आहेत असे सांगून आम्ही विकत राहिलो. अशा रीतीने माझ्या यजमानांनी मेल्यानंतर एकवीस हंडे केले. ठोकण्याचा आवाज यायचा, तो त्रांदाफिर गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करतो त्याचा, असे आम्ही सांगत होतो. नोनिका एकदा डोळे पुसत म्हणाले, "माझा भाऊ फार कष्टाळू होता."

इस्पासची खूण काठाखाली दोन ठिपके. माझ्या हंड्यांवर तीन आहेत. ज्याला शंका असेल त्याने घरी जाऊन आपला हंडा उलटा करावा. या गल्लीतल्या शेवटच्या सतरा वर्षांतल्या प्रत्येक लग्नाची, बारशाची आणि मयताची दारू त्यांतून गाळलेली आहे. बाईने घडवलेले भांडे अशुद्ध असेल तर पंचायतीत बसायला एकही पुरुष उरत नाही. मग पंचायत बायकांनाच चालवावी लागेल, आणि आम्हांला दुसरी कामे आहेत.

मरण्यापूर्वी इस्पास म्हणाले होते, "साफ्ता, कुणाला सांगू नको." मी म्हटले होते, "नाही सांगणार." तीन वर्षे मी शब्द पाळला. इस्पास, तुमची इज्जत मला माझ्या जिवापेक्षा प्यारी आहे. पण तुम्ही मातीत आहात आणि झांबिलाचे हात अजून मातीत नाहीत. ते हात बंद पडू देऊ नयेत, असे मी ठरवले आहे. भेटल्यावर काय शिव्या द्यायच्या त्या द्या. वेळ साधून द्या, म्हणजे झाले.

कलम सहा. ती पँट. गुडघ्यांना मी चार वेळा ठिगळे लावली आहेत. पुरताना ती मला घाघऱ्याच्या आत घालावी. कोणाला दिसणार नाही.

साक्षीदारांचे म्हणणे. नोनिका यांना वाचता येत नाही, म्हणून आज दुपारी मी त्यांना आणि शेजारच्या पापिना मावशींना हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. कलम पाचपर्यंत नोनिका मिशा पिळत होते. तिथून पुढे त्यांनी मिशांना हात लावला नाही.

"वहिनी, हळू वाचा," ते म्हणाले. "खिडकी उघडी आहे."

"मग लावा."

त्यांनी उठून लावली. "माझा हंडा कोणत्या सालचा?"

"दोन हजार चार."

"म्हणजे…"

"म्हणजे चौदा वर्षं पितोयस, नोनिका," पापिना मावशी म्हणाल्या. "अजून तरी मेला नाहीस. गाल बघ कसे झालेत."

"मावशी, तुला कुणी विचारलंय का?"

"साक्षीदार आहे मी. मला विचारावंच लागतं."

नोनिकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, हे पंचायतीत वाचलं तर भावाचं नाव जाईल. उभा जन्म सगळ्यांनी उस्ताद म्हटलं त्याला."

"मला काय ते कळत नाही?" मी म्हणाले. "हे लिहिताना दोनदा कागद फाडलाय मी. तो शब्द कुणी काढलाच नाही तर वाचायची वेळच येणार नाही. आणि तो कुणी काढायचा आणि कुणी नाही, हे गल्लीत तुमच्या हातात आहे, भावजी."

"मग लिहून घ्या माझं." त्यांनी घसा साफ केला. "हत्यारं भावाच्या घरात राहतील. ती कोण चालवतं हे विचारायला पंचायत बसणार नाही. असं नोनिकाने सांगितलं."

मी लिहिले.

"आणि लिहा, माझा हंडा भावानेच केला."

"लिहिते."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवले. ते तसेच ठेवत आहे, कारण शिव्या धरल्या तर त्यात खोटे फार थोडे आहे.

नोनिका दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पाठ आमच्याकडे ठेवून म्हणाले, "वहिनी, त्या हंड्याच्या नळीपाशी गळतंय. हिवाळ्यापासून."

"मग मुलांना सांगा की."

"सांगितलं होतं. आधी थेंब पडायचा, आता धार लागते."

पापिना मावशींनी डोक्यावरच्या रुमालाआड तोंड लपवले.

"सुनेला पाठवाल?" ते म्हणाले. "उद्या. अंधार पडला की. मागच्या दाराने."

"सकाळी दहाला येईल," मी म्हणाले. "पुढच्या दाराने. हत्यारं हातात घेऊन."

"लोक बघतील."

"बघू देत."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मला वाटले, आता केलेले सगळे मोडून निघून जाणार.

"अकराला पाठवा," ते म्हणाले. "दहाला मी घरी नसतो. आणि ती डाग कसा देते ते मला बघायचंय."

यावरून मी कलम पाचमध्ये शेवटचा बदल करते आणि तोच कायम समजावा. हत्यारे माझ्या मरणानंतर द्यायची नाहीत. ती उद्या सकाळी अकरा वाजल्यापासून झांबिलाची. मी हयात असेपर्यंत तिने मला त्यांतली एक हातोडी वापरायला द्यावी. मागितली की लगेच परत करीन.

हे सर्व मी वाचले आहे, दोनदा ऐकवले आहे आणि यात माझ्या मनाविरुद्ध एकही शब्द नाही.

सही: साफ्ता कल्दरारू

साक्षीदार: नोनिका कल्दरारू (डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार: पापिना स्तानेस्कू (फुली. त्या म्हणतात, अंगठा पुरुषांना शोभतो.)

ठिकाण: द्रुमेश्ती, ट्रान्सिल्व्हेनिया
तारीख: १७ ऑक्टोबर २०१८